स्टॅटिक, कॉन्स्टंट आणि शाळेचं जनरल रजिस्टर



ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकवताना काही धडे असे येतात की तिथे वर्ग एकदम शांत होतो. मुलं वहीत लिहून घेतात, माना डोलावतात, परीक्षेत व्याख्याही लिहितात. पण प्रोग्राम करायला बसवलं की गाडी अडते. स्टॅटिक व्हेरिएबल आणि कॉन्स्टंट हा असाच एक धडा. मी तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या मुलांना जावा शिकवते. आमच्याकडे बरीच मुलं मराठी माध्यमातून दहावी करून येतात, आणि त्यांच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य मला दरवर्षी भेटतं : "स्टॅटिक व्हेरिएबल म्हणजे ज्याची किंमत बदलत नाही असं व्हेरिएबल."

उत्तर चुकीचं आहे. गुण कापावेच लागतात. पण हे वाक्य इतक्या मुलांच्या हातून सारखंच येतं, तेव्हा ते आळसामुळे येत नाही. त्यामागे काहीतरी तर्क असतो, आणि तो समजून घेतला तर धडा शिकवायला सोपा जातो.

गोंधळ शब्दांतून येतो

मुलाच्या बाजूने विचार करून बघा. शाळेच्या गणितात 'चल' म्हणजे बदलणारं आणि 'स्थिरांक' म्हणजे न बदलणारं. विज्ञानात स्टॅटिक इलेक्ट्रिसिटी म्हणजे 'स्थितिक विद्युत', एका जागी साठून राहिलेली. मग स्टॅटिक म्हणजे स्थिर, आणि कॉन्स्टंट म्हणजेही स्थिर! 'स्टॅटिक व्हेरिएबल' हा शब्द तर त्याला 'स्थिर असलेलं चल' असा ऐकू येतो. मुलगा दोन्ही शब्दांचा अर्थ एकच लावतो. मराठीतून विचार केला तर त्यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून मी आधी हा शब्द कुठून आला ते सांगते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी ही भाषा तयार केली. सीमधल्या एखाद्या फंक्शनमधलं साधं व्हेरिएबल फंक्शन सुरू झालं की जन्माला येतं आणि फंक्शन संपलं की जातं. पण त्याच्या आधी स्टॅटिक लिहिलं, तर त्याची मेमरीतली जागा प्रोग्राम संपेपर्यंत कायम राहते. फंक्शन पुन्हा बोलावलं की मागची किंमत तिथे तशीच सापडते, आणि ती आपण बदलूही शकतो. म्हणजे इथे स्थिर आहे ती जागा. किंमतीबद्दल हा शब्द काहीच म्हणत नाही. पुढे सी प्लस प्लसने आणि १९९५मध्ये आलेल्या जावाने हाच शब्द क्लासच्या आतल्या व्हेरिएबलसाठी वापरला. तिथे त्याचा अर्थ झाला : ऑब्जेक्ट कितीही बनवा, याची प्रत एकच. ती क्लासची आहे, एकेका ऑब्जेक्टची नाही.

जनरल रजिस्टर काढा

व्याख्या एवढी झाली की मी फळ्यावर जनरल रजिस्टर काढते. हे रजिस्टर प्रत्येक शाळेच्या ऑफिसात असतं. मूल दाखल झालं की त्यात एक नोंद होते, नोंदीला नंबर मिळतो, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच नंबर येतो. प्रत्येक मुलाने आपला दाखला पाहिलेला असतो, त्यामुळे चर्चा लगेच रंगते.

मी विचारते, "क्लार्क काकांना पुढच्या मुलाला कोणता नंबर द्यायचा हे कसं कळतं?"

"शेवटचा नंबर बघतात आणि एक मिळवतात."

"हा शेवटचा नंबर प्रत्येक मुलाचा वेगळा असतो का?"

"नाही मॅडम, अख्ख्या शाळेचा एकच."

"बदलतो का?"

"हो, प्रत्येक अॅडमिशनला."

झालं. हेच स्टॅटिक व्हेरिएबल. सगळ्या शाळेचं एकच, तरीही दर प्रवेशाला बदलणारं. प्रोग्राममध्ये 'विद्यार्थी' नावाचा क्लास करायचा, त्यात 'शेवटचा नंबर' हे स्टॅटिक ठेवायचं आणि कन्स्ट्रक्टरमध्ये ते एकाने वाढवायचं. नवा ऑब्जेक्ट झाला की त्याला आपोआप पुढचा नंबर मिळतो. हेच व्हेरिएबल स्टॅटिक न करता चालवून दाखवा. प्रत्येक मुलाचा नंबर १ येतो, कारण प्रत्येकाजवळ स्वतःचं कोरं रजिस्टर आहे!

दोन प्रश्न, चार घरं

आता मी सांगते की कोणत्याही माहितीला दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे. पहिला : ही प्रत्येकाची वेगळी, की सगळ्यांची मिळून एक? दुसरा : ही एकदा ठरल्यावर बदलू द्यायची का? पहिल्याचं उत्तर जावामध्ये स्टॅटिक हा शब्द देतो, दुसऱ्याचं फायनल हा शब्द. दोन प्रश्नांची मिळून चार घरं होतात :

प्रत्येकाची वेगळी, बदलणारी : मुलाची इयत्ता, गुण, पत्ता. साधं व्हेरिएबल.

प्रत्येकाची वेगळी, न बदलणारी : मुलाला मिळालेला रजिस्टर नंबर. नुसतं फायनल.

सगळ्यांची एक, बदलणारी : रजिस्टरमधला शेवटचा नंबर. नुसतं स्टॅटिक.

सगळ्यांची एक, न बदलणारी : आठवड्याचे ७ दिवस, किंवा पाय. स्टॅटिक आणि फायनल दोन्ही.

आपण ज्याला सहज 'कॉन्स्टंट' म्हणतो तो बहुतेक वेळा चौथ्या घरातला असतो. जावामध्ये पाय वापरताना आपण मॅथ डॉट पीआय लिहितो. मॅथचा ऑब्जेक्ट बनवावा लागत नाही, किंबहुना बनवताच येत नाही. किंमत तिथे एकदाच लिहून ठेवलेली आहे : ३.१४१५९२६५३५८९७९३.

"मॅडम, त्याला दुसरी ब्रँच मिळेल का?"

मागे एकदा सत्राच्या मध्यावर एका मुलाचे वडील भेटायला आले. गावाकडून सकाळच्या एसटीने आले होते. म्हणाले, "मॅडम, पोरगं म्हणतंय प्रोग्रामिंग झेपत नाही. आमच्या घरात कुणाला यातलं कळत नाही. इंग्रजीमुळं होतंय का? मेकॅनिकलला वगैरे बदलून मिळेल का?"

मी मुलाची चाचणीची उत्तरपत्रिका काढली. तेच वाक्य होतं. आणि त्यामुळे पुढची तीनही उत्तरं घसरली होती. कारण 'स्टॅटिक बदलत नाही' हे एकदा धरलं की प्रोग्रामचं आउटपुट काय येईल हे सांगताच येत नाही. त्याने मात्र आपल्या चुकीच्या नियमाने सगळी उत्तरं अगदी सुसंगत काढली होती. ते मी वडिलांना दाखवलं. म्हटलं, "काका, हा विचार करतोय. एका शब्दाचा अर्थ उलटा पडलाय, बाकी गाडी रुळावर आहे. एवढ्यासाठी ब्रँच बदलू नका."

दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत रजिस्टर आणि चार घरं घेऊन बसले. अर्धा तास लागला. शेवटी त्यानेच विचारलं, "मॅडम, मुलाचा रजिस्टर नंबर कधीच बदलत नाही, मग तो पण स्टॅटिक फायनल करायचा का?" मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "नाही नाही, मग सगळ्या पोरांचा नंबर एकच होईल." तो पुढच्या परीक्षेत पहिला वगैरे आला नाही. पण पास झाला, आणि ब्रँच बदलली नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण 'याला जमत नाही' हा शिक्का आपल्याकडे फार लवकर बसतो. आणि तो बसलेला मुलगा शंका विचारणं बंद करतो.

स्टॅटिक हे एररवरचं औषध नव्हे

प्रॅक्टिकलला आणखी एक प्रकार हमखास घडतो. मेन ही मेथड सहसा स्टॅटिक असते. मुलं तिच्यातून थेट 'गुण' वापरायला जातात आणि कंपायलर ओरडतो : नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल कॅननॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट. मग शेजारचा मित्र सल्ला देतो, "अरे, गुणच्या आधी स्टॅटिक टाक, जाईल एरर." एरर जाते. मुलगा खूश.

अशा वेळी मी तीन विद्यार्थी बनवायला सांगते. आरतीला ८२, सलीमला ७४, गणेशला ४१ गुण द्या आणि तिघांचे गुण छापा. तिन्ही ओळींत ४१ येतात. गुणांची पाटीच एक होती, शेवटी लिहिलेलं तेवढं उरलं. लाल रेघ दिसत नाही, प्रोग्राम व्यवस्थित चालतो, आणि निकाल मात्र खोटा. खऱ्या निकालपत्रकात असं झालं तर काय, एवढा एकच प्रश्न विचारला तरी वर्ग गंभीर होतो.

कंपायलरची ती लांबलचक एरर समजवायला मी म्हणते : ऑफिसात जाऊन "गुण किती?" असं विचारलं, तर क्लार्क काका काय म्हणतील? "कुणाचे?" कंपायलरही तेच विचारतोय. त्याला आधी विद्यार्थी दाखवा, म्हणजे ऑब्जेक्ट बनवा, मग त्याचे गुण विचारा.

३५ नेमके कशाचे?

आता कॉन्स्टंट. पासिंगचे ३५ गुण प्रोग्राममध्ये दहा ठिकाणी आकड्यात लिहिले, तर काय बिघडलं? बिघडतं ते बदलाच्या दिवशी. समजा, अंतर्गत परीक्षेसाठी ४० करायचं ठरलं. मुलं फाइंड-रिप्लेस करतात. त्यात लॅबमधल्या ३५ कॉम्प्युटरचेही ४० होऊन जातात, कारण आकड्याच्या कपाळावर तो कशाचा हे लिहिलेलं नसतं. 'पासिंग गुण' आणि 'लॅबची क्षमता' अशी दोन नावं दिली असती तर हा घोळ झाला नसता.

दुसरं उदाहरण गणिताचं. ७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ २२/७ घेऊन काढलं तर १५४ चौरस सेंटिमीटर, ३.१४ घेऊन काढलं तर १५३.८६. दोघं मिळून एक प्रोजेक्ट करतात, एकाने हे घेतलं आणि दुसऱ्याने ते, की बेरजा जुळत नाहीत. किंमत एकाच ठिकाणी, एकाच नावाने ठेवायची ती यासाठी. ही नावं जावामध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहायची पद्धत आहे. पायथनमध्ये तर फायनलसारखं कुलूपच नाही. तिथे कॅपिटल अक्षरं म्हणजे पुढच्या माणसाला केलेली विनंती : याला हात लावू नका.

पण सगळंच कुलूपबंद करायचं नसतं. जीएसटीचा दर घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांच्या टप्प्यांतल्या बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या. दुकानाच्या प्रोग्राममध्ये एखाद्या वस्तूचा दर सगळ्या बिलांसाठी एक असतो, पण कधीतरी बदलतो. म्हणजे तो तिसऱ्या घरातला. इथे मी एक प्रश्न टाकते : दर बदलल्यावर मागच्या महिन्याचं बिल पुन्हा छापलं तर त्यावर कोणता दर यायला हवा? जुनाच! म्हणून बिल बनताना त्या दिवशीचा दर बिलाने स्वतःजवळ उतरवून घ्यायचा आणि तो फायनल ठेवायचा. चालू दर स्टॅटिक, बिलावरचा दर फायनल. मुलांना दोन्ही शब्दांचं काम एकाच उदाहरणात दिसतं.

दोन बारीक गोष्टी

पहिली : फायनल म्हणजे वही बदलायची नाही, वहीत लिहायचं नाही असं नव्हे. एखादी यादी फायनल केली तरी तिच्यात नावं घालता येतात. फक्त त्या नावावर दुसरी यादी ठेवता येत नाही. हजेरीपट वर्षभर तोच असतो, पण त्यात रोज हजेरी लागते, तसंच.

दुसरी : स्टॅटिक व्हेरिएबल प्रोग्राम चालू आहे तोवरच जगतं. "मॅडम, काल वीस विद्यार्थी होते, आज पुन्हा शून्य?" हा प्रश्न येतोच. कागदाचं रजिस्टर रात्री कपाटात राहतं, मेमरी मात्र पुसली जाते. नंबर टिकवायचा असेल तर तो फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये ठेवावा लागतो. इथून पुढच्या धड्याची वाट आपोआप उघडते.

आपण काय करू शकतो

शिक्षकांना एवढंच सुचवेन की 'स्टॅटिकची व्याख्या लिहा' या प्रश्नासोबत 'पुढील दहा गोष्टी चार घरांत घाला आणि कारण सांगा' असा प्रश्न द्या. पाठांतराने तो सुटत नाही, आणि मुलाचं नेमकं कुठे अडतंय ते कारणावरून लगेच कळतं.

पालकांना कॉम्प्युटर येत नसला तरी हरकत नाही. जेवताना मुलाला विचारा : आपल्या घरात प्रत्येकाचं वेगळं आणि न बदलणारं काय? जन्मतारीख. वेगळं आणि बदलणारं? वय, वजन. सगळ्यांचं एक आणि बदलणारं? गॅस सिलिंडरचा भाव, विजेचं बिल. सगळ्यांचं एक आणि कधीच न बदलणारं काय, यावर मात्र वाद होईल. घराचा पत्ता? तो बदलू शकतो. आडनाव? लग्नानंतर काही जणी बदलतात, काही बदलत नाहीत. होऊ द्या वाद. काय कायम धरायचं आणि काय बदलू द्यायचं हे ठरवणं प्रोग्राम लिहिणाऱ्याचं रोजचं काम आहे, आणि त्याचा सराव मुलाला मराठीतूनच, घरच्या ताटावर बसून करता येतो.