वेलीसाठी बांधलेला तट

एका दिवसात चार स्थळे दाखवून सायंकाळी प्रवाशांना त्यांच्या उतरण्याच्या जागी आणून सोडणाऱ्या सहलींविषयी, ज्यांना प्रवासाचा खरा व्यासंग आहे अशा माणसांच्या मनात बहुधा आदर नसतो. घड्याळाला बांधलेले दर्शन, ठरल्या वेळचे भोजन आणि इतिहासाच्या मागोमाग द्राक्षासवाचे चषक, हा सारा बेत त्यांना बाजारी वाटतो. डोळ्यांना तट-बुरूज आणि जिभेला वाइन अशी इंद्रियांची वाटणी करून देणाऱ्या व्यवस्थेत चिंतनाला अवसर कोठून मिळणार, असा त्यांचा प्रश्न असतो. जॉर्जिया देशाच्या पूर्वेकडील काखेती प्रांतात अशाच एका सहलीने हिंडून आल्यापासून मला मात्र निश्चित वाटू लागले आहे की, त्या भूमीपुरते तरी हे दोन विषय कोणा व्यापाऱ्याने सोयीसाठी जोडलेले नसून मुळात तो एकच विषय आहे. तेथला तट समजून घ्यायचा तर द्राक्षवेल पाहावी लागते, आणि चषकातल्या रसाचे मोल कळायचे तर आधी तटावर उभे राहावे लागते.

ऑक्टोबरचे दिवस होते. तिबिलिसीहून सकाळी निघालेली आमची लहानशी बस पूर्वेकडे चालली असता द्राक्षांनी भरलेले ट्रक समोरून येत होते, कारण र्त्वेली, म्हणजे द्राक्षांच्या खुडणीचा हंगाम, अद्याप सरला नव्हता. पहिला मुक्काम बोद्बेच्या मठाचा. चौथ्या शतकात कापाडोसियाहून आलेल्या संत निनोने या देशाला ख्रिस्ती धर्माची दीक्षा दिली, द्राक्षवेलीच्या काटक्या आपल्याच केसांनी एकत्र बांधून तिने क्रूस सिद्ध केला, आणि अखेर बोद्बे येथे देह ठेवला, अशी तेथील परंपरा सांगते. त्या क्रूसाच्या आडव्या भुजा किंचित खाली झुकलेल्या असतात आणि आजही जॉर्जियाच्या चर्चचे ते चिन्ह आहे. सोव्हिएत अमलात १९२४ साली हा मठ बंद करून तेथे रुग्णालय थाटण्यात आले. १९९१ मध्ये संन्यासिनी परत आल्या आणि उपासना पुन्हा सुरू झाली. ज्या समाजात माझे संस्कार घडले तेथे मद्याभोवती निषेधाचे दाट वलय आहे, आणि मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा हे त्या वलयाचेच दस्तऐवजी रूप होते. त्या निषेधामागे उद्ध्वस्त संसारांचा अनुभव आहे आणि मी तो हलका लेखीत नाही. परंतु ज्या लोकांनी आपल्या धर्माचे आद्य चिन्हच वेलीच्या काटक्यांतून घडवले, त्यांच्या घरी या रसाचे स्थान काय असेल याचा विचार, चषक हाती येण्यापूर्वी त्या समाधीजवळच करणे उचित होते.

तेथून जवळच डोंगराच्या धारेवर सिघनाघी वसले आहे. लाल कौलांची घरे, कोरीव लाकडी सज्जे आणि खाली पसरलेले अलाझानी नदीचे विशाल खोरे. खोऱ्यापलीकडे काकेशसची हिमाच्छादित रांग, आणि त्या रांगेच्या पाठीमागे दागेस्तान. अठराव्या शतकात त्या पहाडांतून लेझगी टोळ्या खोऱ्यात उतरत, गुरे हाकून नेत, आणि माणसे पकडून गुलामांच्या बाजारात विकीत. या उपद्रवाला तोंड देण्यासाठी राजा एरेक्ले दुसरा याने १७६२ च्या सुमारास सिघनाघीभोवती तट उभारला. चार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या त्या तटाला तेवीस बुरूज आहेत. बुरुजांना भोवतालच्या गावांची नावे आहेत. ज्या गावाचे नाव, त्या गावच्या रयतेने संकटकाळी त्या बुरुजाच्या आश्रयास यावयाचे, असा तो बंदोबस्त होता. आमची मार्गदर्शिका एकेका बुरुजाकडे बोट दाखवून त्याच्या गावाचे नाव घेत होती, आणि मला त्या तटबंदीत मुलखाची एक जमाबंदीच दगडात लिहिलेली दिसत होती. राजवाड्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या तटाला राजघराण्यातील पुरुषांची नावे लाभतात. येथे नावे लाभली ती शेतकऱ्यांच्या गावांची.

एरेक्लेची हकीकत मराठी वाचकाला सर्वस्वी परकी नाही. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली आणि तिच्या रस्त्यांवर कत्तल घडवली, त्या हिंदुस्थानच्या मोहिमेत हा काखेतीचा तरुण राजपुत्र आपले जॉर्जियन पथक घेऊन शहाच्या फौजेबरोबर होता. मांडलिकाच्या पुत्राला धन्याच्या स्वारीत जावेच लागते. दुसऱ्याचे नगर कसे लुटले जाते हे विशीच्या आतच पाहिलेल्या या पुरुषाने पुढे राजा झाल्यावर आपल्या खेड्यांसाठी आश्रयाचा तट बांधावा, यातला कार्यकारणभाव कोणत्याही कागदात लिहिलेला नसेल. पण त्या तटावरून चालताना तो मनाला सोडीत नाही. त्याच्या आधी दीडशे वर्षे, १६१४ पासूनच्या स्वाऱ्यांत, इराणच्या शाह अब्बासने काखेती उजाड केली होती. ग्रेमी ही संपन्न राजधानी १६१५ मध्ये धुळीस मिळाली, आणि सहस्रावधी कुटुंबे कैद करून इराणात नेऊन वसवण्यात आली. अशा मुलखात दर पिढीला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पडत असला पाहिजे: शत्रू आला तर काय उचलायचे, आणि काय मागे ठेवायचे?

वेल तटाच्या आत नेता येत नाही. तटात येतात ती माणसे, म्हणजे वेलीची छाटणी कधी करावी आणि खुडणी कधी करावी हे जाणणारे हात. द्राक्षमळे खाली खोऱ्यात उघडेच राहतात. आणि रस? त्याचे उत्तर मला दुपारी एका खेड्यातल्या मारानीत, म्हणजे वाइनच्या कोठारात, मिळाले. कोठाराच्या जमिनीत फक्त गोल तोंडे दिसत होती. त्या तोंडांखाली माणूस उभा मावेल एवढी मातीची अंडाकृती भांडी गळ्यापर्यंत पुरलेली होती. यांना क्वेव्री म्हणतात. आपल्याकडे धान्य साठवण्यासाठी जमिनीत पेव खणीत असत, आणि सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे होती, त्यांचेच हे मृण्मय भावंड म्हणावे. कुंभार ओल्या मातीच्या वळ्या एकीवर एक चढवीत हे भांडे कित्येक आठवडे उभारीत असतो. भट्टीतून निघाल्यावर त्याला आतून मधमाश्यांचे मेण लावतात. तुडवलेल्या द्राक्षांचा रस, साली, बिया आणि बहुधा देठही त्यात एकत्र घालतात. आंबण्याच्या दिवसांत वर तरंगणारा चोथा लांब दांड्याने दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो. मग तोंड झाकणाने व मातीने लिंपून पाच-सहा महिने भांड्याकडे कोणी पाहायचे नाही. भूमीचा सम शीतोष्ण स्वभाव उरलेले काम करतो. वसंतात भांडे उघडले की साली-बिया तळाशी बसलेल्या असतात आणि वर तृणमण्याच्या रंगाचा निवळ रस उभा असतो.

आमच्या यजमानांनी नव्या हंगामाच्या एका भांड्यातला चोथा ढवळून दाखवला, आणि मग आम्हांला गेल्या वर्षीची वाइन दिली. प्रथम र्कात्सितेली या पांढऱ्या द्राक्षाची. पांढऱ्या वाइनविषयीच्या सर्वसामान्य कल्पनेहून ती सर्वस्वी भिन्न होती. सालींच्या दीर्घ सहवासाने तिला भरदार तुरटपणा आला होता, सुकवलेल्या जर्दाळूचा आणि अक्रोडाचा गंध होता, आणि गोडी जवळजवळ नव्हतीच. त्यानंतर सापेरावी, जिच्या द्राक्षाचा गरदेखील तांबडा असतो. तो रस चषकात जवळजवळ काळा दिसला. तंदूरसदृश भट्टीत भाजलेली लांबट पोळी, चीज आणि अक्रोडाच्या वाटणातली वांगी पुढ्यात आली. यजमानांनी तामादाचे, म्हणजे पंगतीच्या धुरीणाचे, पद स्वीकारले आणि प्रत्येक चषकाआधी उभे राहून ते बोलले: प्रथम शांततेसाठी, मग मृतांसाठी, मग मुलाबाळांसाठी. मृतांचे स्मरण करताना आवाज खाली आला आणि मुलांचे नाव घेताना पुन्हा वर चढला. जेथे प्रत्येक घोटाआधी कोणाचे तरी स्मरण करावे लागते तेथे पिण्याला आपोआप मर्यादा पडते, आणि ज्याचा प्याला उचलला त्याचे ऋणही मनावर येते.

या कलेचे प्राचीनत्व आता केवळ अभिमानाचा विषय उरलेला नाही. जॉर्जियाच्या दक्षिणेकडील गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा या नवाश्मयुगीन वसाहतींतील मडक्यांच्या खापरांत द्राक्षवाइनचे रासायनिक अवशेष सापडले, आणि इसवी सनापूर्वी सुमारे ६००० वर्षांचा त्यांचा काळ २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निश्चित केला. क्वेव्रीच्या पद्धतीला युनेस्कोने २०१३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. पण या दोन गौरवांच्या आधीचा काळ मला अधिक बोधप्रद वाटतो. या देशात द्राक्षांच्या पाचशेहून अधिक देशी जाती आहेत. सोव्हिएत कारखानदारीने त्यांतल्या मूठभर जातींवर आपला पसारा उभा केला, कारण तिला हवे होते ते परिमाण. १९८५ च्या मद्यविरोधी मोहिमेत मळेच्या मळे उपटले गेले. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइनची आयात बंद केली आणि सर्वांत मोठी बाजारपेठ एका हुकुमासरशी नाहीशी झाली; ती बंदी २०१३ पर्यंत टिकली. या सर्व आघातांतून जुनी रीत तगली ती मुख्यतः घराच्या परसात, जेथे कुटुंबाने आपल्यापुरत्या चार वेली आणि जमिनीतली एक-दोन भांडी राखली होती. स्वारीच्या काळात माणसे वर तटाकडे जात आणि भांडी खाली मातीत राहत. नव्या शतकातही रक्षणाचा मार्ग तत्त्वतः तोच राहिला.

दुपार कलता आम्ही तेलावीला पोहोचलो. एरेक्लेचा जन्म येथला आणि १७९८ मध्ये मृत्यूही येथलाच. त्याच्या लहानशा, इराणी धर्तीच्या वाड्यासमोर उभे असताना मला काखेतीच्या एका राणीची आठवण झाली, जिच्यासाठी तट बांधायला कोणी उरले नव्हते. राजा तैमुराझची आई केतेवान ही आपले राज्य वाचावे म्हणून शाह अब्बासकडे गेली आणि ओलीस राहिली. सुमारे दहा वर्षे शिराझमध्ये कैदेत काढल्यावर, धर्मांतरास नकार दिल्याबद्दल १६२४ च्या सप्टेंबरात तिला हालहाल करून मारण्यात आले. तेथल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गुप्तपणे मिळवले आणि त्यांतला काही अंश १६२७ मध्ये गोव्याला आणला. जुन्या गोव्यातल्या ज्या संत ऑगस्टिनच्या मठात तो ठेवला, तो १८३५ मध्ये धर्मसंघांच्या हकालपट्टीनंतर ओस पडला, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले, आणि जांभ्या दगडाचा एक उंच मनोरा तेवढा उभा राहिला. पोर्तुगीज कागदपत्रांनी दाखवलेल्या खुणेवरून भारतीय पुरातत्त्व खात्याने त्या ढिगाऱ्याखाली उत्खनन केले; सापडलेल्या अस्थीची परीक्षा हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत झाली, आणि तिचा मातृवंश भारतात न आढळणारा पण जॉर्जियात आढळणारा निघाला. २०२१ च्या जुलैत भारत सरकारने त्या अवशेषाचा एक भाग जॉर्जियाला विधिपूर्वक अर्पण केला. कोकणपट्टीच्या मातीने एका परदेशी राणीची ठेव इतकी शतके सांभाळली, आणि ती परत मिळाली ती कोणीतरी जागेची नोंद नीट लिहून ठेवली होती म्हणून. माती राखते हे खरे. पण कोठे काय ठेवले आहे याचे ज्ञान राखणारी माणसे नसतील, तर तिचे राखणे व्यर्थ जाते.

म्हणून मला आपल्या गडकोटांविषयी काही मागणे मांडावेसे वाटते. आपल्याकडे दुर्गप्रेम उदंड आहे. बुरुजांची मोजणी होते, दरवाजांची चित्रे काढली जातात, विजयाच्या तिथी मुखोद्गत असतात. परंतु प्रत्येक मोठ्या गडाभोवती त्याचा घेरा असे, आणि त्या घेऱ्यातल्या गावांच्या श्रमावर गड उभा राही. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना रयतेची लूट करू नका अशी सक्त ताकीद देणारे शिवछत्रपतींचे पत्र आपल्याला प्रिय आहे, कारण तट कोणासाठी असतो याची जाण त्यात आहे. तर मग गड उतरल्यावर घेऱ्यातल्या एखाद्या घरी थांबावे; या डोंगरउतारावर नाचणीचे, वरईचे, भाताचे कोणते जुने वाण अजून पेरले जाते, त्याचे बी कोण राखते, दळण-कांडणाची कोणती रीत कोणाच्या हाती शिल्लक आहे, हे विचारावे; आणि जे पिकते ते रास्त दामाने विकत घेऊन, शिजवून खावे. काखेतीच्या शेतकऱ्याला प्रवाशांच्या आस्थेने परसातल्या दुर्मीळ वेली पुन्हा मळ्यात लावण्याचे बळ दिले आहे. आपल्या घेऱ्यातल्या शेतकऱ्यालाही ते मिळू शकेल, आणि गडाच्या डागडुजीइतकेच तेही दुर्गरक्षणाचे काम आहे, असे मी मानतो.