बांबूच्या बेटात शिरलेय, आता बाहेर निघवत नाही!

बांबू हे गवत आहे! गवत! भात, गहू, ऊस, दूर्वा यांच्या भाऊबंदकीतलं! तुम्ही हे शाळेत वाचलं असेल, मीही वाचलं होतं. पण पुस्तकात वाचणं वेगळं, आणि वेल्ह्याच्या पुढच्या एका वाडीत भर पावसात पन्नास फुटी गवताच्या बुडाशी उकिडवं बसून वर बघणं वेगळं! मान दुखायला लागली तरी शेंडा सापडेना!

आधीच सांगून टाकते, मी वनस्पतिशास्त्रातली नाही, शेतीतली नाही, आणि बुरूडकाम तर फक्त लांबून बघितलेलं. जाणकारांना यात नवं काहीच वाटणार नाही. पण मला गप्प बसवत नाहीये! चेलाडीच्या फाट्यावरून वेल्ह्याकडे वळा, नाहीतर कापूरहोळवरून भोरकडे जा. आपले डोळे राजगडावर, तोरण्यावर, नाहीतर भाटघरच्या पाण्यावर. आणि खाचरांच्या बांधावर, ओढ्याच्या कडेला, घरांच्या मागे बेटं उभी! कळकाची काटेरी, मेसाची बिनकाट्याची. एकदा दिसायला लागली ना, की दुसरं काही दिसतच नाही!

तर त्या वाडीतले काका. मी आपली वर बघतेय. ते म्हणाले, "शेंड्याकडं काय बघताय, बुडाकडं बघा की!" बघितलं. चिखल फोडून कोंब वर आला होता. तपकिरी पापुद्र्यांत घट्ट गुंडाळलेला, वर निमुळता, त्या पापुद्र्यांवर बारीक काळसर कूस आणि टोकाला पाण्याचा थेंब. जाडी केवढी? शेजारच्या जुन्या काठीएवढी! मी विचारलं, हा आणखी किती जाड होणार? काका हसले. "ह्यो आता जाड व्हायचा न्हाई. जमिनीतनं येतानाच आपलं माप घिऊन येतो."

थांबा, हे नीट ऐका! आंबा, वड, साग वर्षागणिक जाड होत जातात. बांबूच्या खोडात जाड होण्याची सोयच नाही! कोंब जेवढा रुंद निघाला तेवढीच काठी. आणि वर जी पेरं दिसणार आहेत, ती सगळी त्या वीतभर कोंबात आधीच घडी घालून ठेवलेली असतात. प्रत्येक पेराच्या बुडाशी वाढीचा स्वतःचा पट्टा असतो आणि ती पेरं खालून वर एकामागोमाग ताणत जातात, घडीच्या छत्रीची दांडी ओढावी तशी! काकांनी संध्याकाळी कोंबाच्या टोकाच्या उंचीला शेजारच्या काठीवर सुतळी बांधली. सकाळी टोक सुतळीच्या वर जवळजवळ वीतभर! एका रात्रीत! आणि मग मी घरी येऊन शोधलं तर काही जातींची दिवसाला ९१ सेंटिमीटरपर्यंत वाढ नोंदलेली आहे, आणि मग कळलं की दोन-तीन महिन्यांत काठीची उंची संपते, म्हणजे कायमची संपते, आणि मग फांद्या, मग पानं, आणि मग पुढची तीन वर्षं काठी नुसती आतून पिकत राहते, लाकूड धरत राहते! बाहेरून मात्र काही हलत नाही!

म्हणून यंदाची काठी तोडायची नाही. गेल्या सालचीही नाही. का? तर नव्या कोंबाला जमिनीखालच्या गड्ड्यांतून खाऊ घालतात त्या याच तरण्या काठ्या! त्या तोडल्या की पुढचे कोंब बारीक निघतात. काका काठीकडे बघून तिचं वय सांगतात. भुरी चढलेली नवी, पेरांना पापुद्रे चिकटलेली कालची, डाग पडलेली पिकलेली. मी माना डोलावत होते आणि दर वेळी चुकत होते!

तोड कधी? दिवाळीनंतर, अंधाऱ्या पंधरवड्यात. पावसाळ्यात तोडलात तर किडा लागतो आणि काठीतून पीठ गळायला लागतं. हे पीठ तुम्ही पाहिलंय! जुन्या शिडीखाली, मांडवाच्या ठेवणीतल्या बांबूंखाली! आता शास्त्र काय म्हणतं बघा. त्या भुंगेऱ्याला हवा असतो काठीतला स्टार्च, आणि कोंब पोसायच्या दिवसांत तो काठीत भरलेला असतो. कोंबांची वाढ उरकली, थंडी पडली की कमी होतो. आणि वाहत्या ओढ्यात बांबू मुरत टाकतात ना, तेव्हा उरलेली साखर पाण्याबरोबर निघून जाते! काकांच्या आजोबांनी हे कुठल्या प्रयोगशाळेत शिकलं होतं?

मग मी भोरला गेले, एका बुरूड मावशींच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांना माझा त्रास झाला असणार, कारण मी उठेचना! कोयता काठीच्या तोंडावर ठेवला, एक ठोका, आणि काठी सरळ खालपर्यंत फाटत गेली, पेरापाशी आली की टक्, पुढच्या पेरापाशी टक्! अर्ध्याचे अर्धे, त्याचे पुन्हा अर्धे, आणि मग ती कामटी अंगठा आणि पात्याच्या मधून ओढत हिरव्या सालीकडची पट्टी वेगळी, आतली पांढरी वेगळी. मी म्हटलं, दोन्ही बांबूच, मग फरक काय? मावशींनी काही न बोलता आतली पट्टी वाकवली. कट्! मोडली. सालीकडची वाकवली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली, आणि ती सपकन सरळ झाली! सुपाचा काठ सालीचा, पोटात भरायला आतलं.

कापलेल्या काठीचं तोंड भिंगाखाली धरा. धराच! बारीक बारीक ठिपके दिसतात, तेच धाग्यांचे जुडगे. आतल्या बाजूला विरळ, आणि सालीकडे दाट, आणखी दाट, अगदी खेटून! वाऱ्याने काठी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या बाजूलाच येतो. जिथे ताण, तिथे धागा! मधे पोकळ, मधे मधे पेरांचे पडदे, म्हणजे वजन कमी आणि चेपायची भीती नाही. अभियंते हे गणिताने मांडतात. मावशींनी ते दोन पट्ट्या वाकवून मला सांगितलं!

ओट्यावर काय काय होतं! सूप, रोवळी, दुरडी, हारा, कोंबड्या झाकायचं डालगं. कणगी आता कुणी सांगत नाही म्हणाल्या. इरलंही नाही. लावणीच्या पावसात पाठीवर इरलं घेऊन ओणव्याने रोपं लावणाऱ्या बायका मावळात दिसायच्या, आता प्लॅस्टिकचे कागद दिसतात. याचं मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. इरल्याच्या विणीत हात दोन्ही मोकळे राहतात आणि पाठीवरचं पाणी थेट खाली उतरतं, हे ज्यांनी जमवलं त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. बाळ सुपात, गुढी काठीवर, जत्रेत देवाची काठी, शेवटी तिरडी. सगळीकडे हाच!

एक गंमत मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. गवत असूनही १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत बांबू 'झाड' होता! ९० वर्षं! २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून बाहेर आला. त्याआधी २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने वनहक्क कायद्याच्या जोरावर आपल्या जंगलातला बांबू विकायचा हक्क मिळवला होता. एका गवताच्या मागे केवढं हे!

पण खरी झोप उडाली ती पुढे. काका जाता जाता म्हणाले, "कळकाला फुलोरा आला की बेट मरतं." एवढंच! म्हशीला पाणी दाखवायला निघूनही गेले! आणि मी तिथेच!

म्हणजे असं, की कळक वर्षानुवर्षं फुलतच नाही. नुसता वाढतो. आणि मग एक वर्ष असं येतं की त्या मुलखातली बेटंच्या बेटं फुलतात, गव्हासारखंच दिसणारं बी धरतात, आणि वाळून जातात! पश्चिम किनाऱ्यावरच्या कळकाच्या फुलोऱ्याच्या जुन्या नोंदी आहेत: १८०४, १८३६, १८६८. वजाबाकी करा! ३२! पुन्हा ३२! डेहराडूनकडच्या नोंदींत हेच अंतर ४५ च्या आसपास. जपान-चीनकडच्या एका जातीचं तर १२० वर्षं! एकशेवीस! ज्याने लावला त्याच्या नातवालाही फूल बघायला मिळेलच असं नाही! आणि मग हे कळलं की एकाच वेळी रुजलेल्या बियांची रोपं लांब कुठे नेऊन लावली, तरी बहुतेकदा ती मूळच्या भावंडांबरोबरच फुलतात! पाऊस वेगळा, माती वेगळी, आणि घड्याळ तेच!

का पण? १९७६ मध्ये डॅनियल जॅन्झन या शास्त्रज्ञाने मांडलं की एकदम एवढं बी टाकायचं, की उंदीर, पाखरं, रानडुकरं पोट फुटेपर्यंत खातील तरी उरेल. थोडं थोडं दर वर्षी टाकलं तर सगळंच फस्त! आणि २०१५ मध्ये हार्वर्डच्या तिघांनी म्हटलं की ही लांबलचक अंतरं आधीच्या छोट्या अंतरांना दोनने, तीनने गुणत गुणत तयार झाली असावीत. ३२ म्हणजे बघा, दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन! अंगावर काटा आला!

'बांबू फुलला की दुष्काळ' हे आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात ना? मिझोराममध्ये ते शब्दशः घडलं. तिथल्या बांबूचं चक्र ४८ वर्षांचं. बी पडलं, उंदीर माजले, बी संपल्यावर भाताच्या शेतात घुसले, आणि १९५९ चा दुष्काळ पडला. उपाशी माणसांच्या मदतीला तिथे एक संघटना उभी राहिली, तिचीच पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि १९६६ मध्ये बंड झालं! ४८ मिळवा, २००७. बांबू पुन्हा फुलला! वेळेवर!

आणि आता जे सांगणार आहे त्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला. हे घड्याळ पुण्यात फिरवलं गेलंय! भोरहून एसटीत बसलात तर दोन-अडीच तासांत पोहोचाल अशा ठिकाणी, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत! रजनी नाडगौडा, व्ही. ए. पाराशरामी आणि ए. एफ. मॅस्करेन्हस या तिघांनी बांबूची इवली इवली रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवली, त्यांच्या खाद्यात सायटोकायनिन नावाचं वाढीचं संप्रेरक घातलं, आणि नारळाचं पाणी घातलं (नारळाचं पाणी!), आणि काही महिन्यांत बाटलीत फुलं आली! बीसुद्धा धरलं! त्यातली एक जात कोणती? कळक! तीच, काकांच्या ओढ्याकाठची! मार्च १९९० मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. विचार करा, एरवी दोन बांबूंचा संकर करायचा तर दोघं एकाच वेळी फुलायची वाट बघण्यात संशोधकाची नोकरी संपायची. आणि इथे बोटभर रोपटं बाटलीत फुलून उभं! मला हे आजवर कुणीच कसं सांगितलं नाही? याचे धडे हवेत पाठ्यपुस्तकात!

रानातल्या बेटाला ही वेळ नेमकी कोण मोजून देतं, ते मात्र अजून उलगडलेलं नाही. आणि इथेच मला तुम्ही हवे आहात! कारण ३२ किंवा ४५ वर्षांचं चक्र मोजायला यंत्र कोणतं? म्हातारी माणसं! काकांच्या आई ऐंशीच्या पुढच्या. मी त्यांना विचारलं, "आजी, कळक फुललेला बघितलाय?" आजी लगेच म्हणाल्या, "बघितलाय म्हंजे? खाल्लाय!" बेटाखाली झाडून शेण सारवायचं, बी पडलं की सुपाने गोळा करायचं, पाखडायचं, कांडायचं, त्याचा भात व्हायचा. "तांबूस. ताटात फुगायचा न्हाई फार." कधी? तर सन नाही. "धाकटा रांगत हुता तवा." मग आम्ही हिशोबाला बसलो. या भागातली वर्षं मोजायच्या खुणा पक्क्या आहेत: १९६१ च्या जुलैत पानशेत फुटलं, १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप, मग बहात्तरचा दुष्काळ. धाकटा भूकंपाच्या आधीचा की नंतरचा? आजी एक म्हणतात, शेजारच्या काकी दुसरंच म्हणतात, काका तिसरंच, आणि अंगणात हे भांडण चांगलंच रंगलं!

पण हीच तर नोंद आहे! हेच संशोधन आहे! एका घरातलं सांगणं डळमळीत असेल, पण हिरडस मावळातल्या, गुंजवणीच्या खोऱ्यातल्या, वरंध्याच्या वाटेवरच्या वाड्यांतून अशी पन्नास-शंभर घरं विचारली तर? एकमेकांवर ताडून बघितली तर? बेट कुणी लावलं, रोप कुठून आणलं, आधी कधी फुललं, त्या साली उंदीर झाले का, भात गेला का? या प्रश्नांना कागद आणि पेन्सिल पुरते, आणि उत्तरं देणाऱ्या आज्या आज आहेत.

तेव्हा या पावसात भोर-वेल्ह्याकडे जाल तर सोबत वही घ्या. सुतळी घ्या, मोजपट्टी घ्या, जमलं तर भिंग घ्या. कुठल्याही घरी विचारा, बेट दाखवतात, चहाही मिळतो. संध्याकाळी सुतळी बांधा आणि रात्री झोप लागते का बघा! कोंबाची भाजी कुणी वाढली तर खुशाल खा, पण स्वतः करायला गेलात तर कोंब चांगले उकडून पाणी फेकल्याशिवाय खाऊ नका, कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. आणि कळकाच्या बुडाशी हात घालताना जपून, काटे वाईट असतात! पापुद्र्याची कूस तर बोटाला लागूच देऊ नका. मला लागली, अजून खाजतंय, आणि उद्या पुन्हा जाणार आहे!