डोंबिवलीची पायवाट

डोंबिवलीला पूर्वेकडे उतरलात, की डोक्यावर स्कायवॉक दिसतो. तो उभारला महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने. झाडलोट, दिवे, डागडुजी मात्र महापालिकेच्या पदरी. कोनशिला बांधणाऱ्याची लागते, झाडणाऱ्याची कोण लावणार? पूल मंजूर करतानाच दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम बाजूला काढली, तर निम्मी रड संपेल.

पुढे फडके रोड. दिवाळीच्या पहाटे तरुण मंडळी नटूनथटून इथे जमतात, गणेशमंदिरात जाऊन येतात. पाडव्याची स्वागतयात्रा तर याच गावाने १९९९ साली सुरू केली. अशा सकाळी हा रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो, तोही निविदेवाचून! एरवी आजीबाई रिक्षा नि हातगाड्या चुकवीत खालूनच जातात. पुलाचे जिने गुडघ्यांना मंजूर नाहीत.