टाळूचा तुकडा

संत्र्याची फोड चावली आणि डाव्या सुळ्यातून कानशिलापर्यंत कळ गेली. आरशात पाहतो तर सुळा लांब झालेला! या वयात दात वाढत नाहीत, एवढं मलाही कळतं. हिरडी वर सरकली होती, मूळ उघडं पडलं होतं.

कन्हानचा पूल ओलांडून, कामठीमार्गे नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. वाटलं, सिमेंट भरतील आणि संध्याकाळी घरी.

"काका, ब्रश कसा करता?" डॉक्टर मुलीने विचारलं. कडक ब्रश, आडवा, कढई घासावी तसा. "अन् तंबाखूचा खर्रा?" मी छताकडे पाहिलं. तीस वर्षं खाणीत पाळ्या केलेला माणूस, काय सांगणार?

ती म्हणाली, गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही, दुसरीकडून आणून बसवावी लागते. कुठून? इथून माझं डोकं फिरलं. आपल्याच टाळूतून, म्हणे. नाहीतर डुकराच्या कोलॅजनची पट्टी मिळते. मेलेल्या माणसाने दान केलेली, पेशी काढून टाकलेली त्वचाही चालते. बाळाच्या वारेवरचं पातळ आवरणसुद्धा वापरतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या ऊतकपेढीत ते वाळवून, किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. दाताच्या दवाखान्यात कुणाचं काय काय असतं! घरी विचारलं तर बायको म्हणाली, "आपलं ते आपलं."

टाळू ठरली. दीडेक मिलिमीटर जाडीचा तुकडा निघाला आणि मुळावर हिरडीखाली शिवला गेला. टाळूच्या जखमेसाठी माझंच रक्त घेतलं, नळीत घालून यंत्रात गरगर फिरवलं. नळी वर काढली तर खाली लाल, वर पिवळं पाणी आणि मधोमध खरवसासारखी थरथरती वडी. ती दाबून पातळ केली आणि जखमेवर ठेवली. ही युक्ती 2001 मध्ये शुक्रून नावाच्या फ्रेंच डॉक्टरने काढली, असं कळलं.

हिरडी फारशी दुखली नाही. टाळूने मात्र आठवडाभर छळलं. गार वरण-भात, तोही एका बाजूने. दोन आठवडे त्या सुळ्यापाशी ब्रश बंद, खर्रा कायमचा बंद.

दातांमधलं हाड झिजलेलं आहे, तेव्हा पूर्ण झाकणार नाही, हे तिने आधीच सांगितलं होतं. तीन हिस्से मूळ झाकलं, एक हिस्सा उघडाच आहे. संत्रं अजून उजवीकडूनच खातो.