पोटांतील संथ वीज

हृदयाचें कौतुक कवींनीं पुष्कळ केलें; मेंदूला तर आपण राजासनावरच बसविलें आहे. मोठ्या आंतड्याचें नांव मात्र चारचौघांत काढणें म्हणजे शिष्टाचाराचा भंग! परंतु हृदयाप्रमाणेंच तेंही आपली वीज आपणच निर्माण करितें, हें वाचल्यापासून मला त्याच्याविषयीं आदर वाटूं लागला आहे.

त्याच्या भिंतींतील स्नायू आपल्या इच्छेचे ताबेदार नव्हेत. त्यांच्या लगत कांहीं विशिष्ट पेशींचें जाळें असतें. १९०६ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांचें नांव त्या पेशींना दिलेलें आहे. त्यांच्यांत विजेचा दाब लयीनें चढतो व उतरतो. आपलें हृदय मिनिटाला ७० च्या आसपास ठोके देतें. कुत्र्याच्या मोठ्या आंतड्यांत या संथ लहरी मिनिटाला सुमारें ६ च उठतात. शिवाय लहर आली म्हणजे स्नायू आवळलाच, असें नाहीं. ती पुरेशी उंच चढली तरच पेशींत कॅल्शियम शिरतें व आकुंचन होतें. आणि तें आकुंचनही बहुधा जागच्या जागीं घुसळण्यापुरतें. मळ पुढें लोटणारी मोठी लाट दिवसांतून मोजक्या वेळां, विशेषतः जाग आल्यावर व जेवणानंतर येते. (सकाळच्या चहाला आपण देतों त्यांतलें बरेंचसें श्रेय नुसत्या जागें होण्याचें आहे!)

गेल्या वर्षीं आमच्या काकांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. आंतडीं हाताळलीं गेलीं कीं त्यांना दाह होतो, मज्जातंतू त्यांना रोखून धरतात, वेदना शमविणारीं अफूच्या जातीचीं औषधें त्यांत भर घालतात. लहान आंतडें साधारण दिवसाभरांत सावरतें, जठर एक-दोन दिवसांत. मोठें आंतडें सर्वांच्या मागून. तिसऱ्या दिवशींही काकांचें पोट फुगलेलेंच. पुन्हां पोट उघडावें लागतें कीं काय, या धास्तीनें घरांत कोणाला अन्न गोड लागेना. ज्या काकूंनीं असला विषय पानावर कधीं निघूं दिला नाहीं, त्याच तासातासाला परिचारिकेला मोठ्यानें विचारीत, "बाई, वात सरला का हो?" एका आप्तांनीं एरंडेलाची सूचना केली. डॉक्टरांनीं ती साफ नाकारली, आणि तें योग्यच झालें; आंत टांके ओले असतां घाई कशाची? त्यांनीं काकांना धरून चार पावलें चालविलें मात्र.

चौथ्या दिवशीं पहांटे काकू खोलीबाहेर आल्या. बोलल्या कांहीं नाहींत. पदरानें डोळे पुसले आणि भाताची पेज करावयास घरीं निरोप धाडला.