तेजा, मोगॅम्बो आणि बदनापूरचा उशिरा आलेला श्रोता

मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राजवटीत घातला गेला. तो मीटरगेज होता. या मार्गावर, जालन्याच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर, बदनापूर हे स्थानक लागते. शेतकऱ्यांना हे गाव ‘बीडीएन’ या अक्षरांमुळे ठाऊक असते. येथील कृषी संशोधन केंद्रात तयार झालेल्या तुरीच्या वाणांच्या नावाआधी तीच अक्षरे येतात. नव्वदच्या दशकात मार्ग रुंद झाला. त्याआधी बदनापूरहून मुंबईला निघालेल्या माणसाला मनमाडला उतरून दुसऱ्या गाडीत बसावे लागे. त्याची गाडी पुढे जाऊच शकत नसे. रुळांची रुंदीच निराळी होती.

मुंबईच्या एका मेटलकोर बँडचा इतिहास सांगताना सुरुवात मनमाडच्या फलाटापासून का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. भारतातील मेटल संगीताचा इतिहास बहुधा मुंबई, बंगळुरू, दिल्ली आणि शिलाँग या शहरांच्या आतूनच सांगितला जातो. तो ज्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचला, त्यांच्या बाजूने पाहिला तर निराळा दिसतो.

आधी मेटलकोर म्हणजे काय ते पाहू. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत हार्डकोर पंक आणि हेवी मेटल हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळू लागले. पंककडे आवेश होता, छोटी गाणी होती आणि रंगमंच व श्रोते यांच्यात अंतर न ठेवण्याची वृत्ती होती. मेटलकडे वादनाचे कौशल्य आणि आवाजाचे वजन होते. या मिश्रणातून एक विशिष्ट क्षण जन्माला आला, त्याला ‘ब्रेकडाउन’ म्हणतात. वेगाने धावणारे गाणे एकाएकी मंदावते, खालच्या सुरात उतरवलेल्या गिटारी आणि पायाने वाजवायचा ढोल एकाच ठोक्यावर कोसळतात आणि समोरची गर्दी उसळते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत कन्व्हर्जचा ‘जेन डो’ (२००१) आणि किलस्विच एंगेजचा ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’ (२००२) या अल्बमांनी या संगीताची दोन टोके निश्चित केली. पहिला खडबडीत आणि निर्दय आहे. दुसऱ्यात कडव्यात आरोळी आणि ध्रुवपदात गळ्यातून निघणारे स्वच्छ गाणे असा साचा आहे. त्यानंतर जगभरच्या शेकडो बँडनी दुसरा साचा उचलला, आणि खरे सांगायचे तर तो झिजवून टाकला.

मुंबईत या संगीतासाठी जमीन आधीपासून तयार होत होती. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव होऊ लागला होता. १९९३ मध्ये अलाहाबादेतून, मुंबई-दिल्लीतून नव्हे, ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक निघाले. काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये कॅसेटी मिळत आणि धोबी तलावच्या फुर्टाडोजमध्ये गिटारी. या दुकानाची परंपरा १८६५ पर्यंत मागे जाते. म्हणजे मंच आणि वाद्ये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. एखादी कलाशैली शहरात रुजते तेव्हा तिच्यामागे पुष्कळदा असा एखादा चौकच असतो.

मग रंगभवन बंद पडले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटर ‘शांतता क्षेत्र’ ठरले. सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून असलेल्या त्या खुल्या रंगमंचाचा या नियमापुढे टिकाव लागला नाही. नियम चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. रुग्णालयातल्या माणसाला झोप हवीच. पण त्या निर्णयाने मुंबईचे मोठ्या आवाजाचे संगीत आभाळाखालून उचलून बंद खोल्यांत नेले. जुहूचे रॅझबेरी ऱ्हायनोसेरॉस ही त्या खोल्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. तेथे मंच आणि गर्दी यांच्यात फारसे अंतर उरत नसे.

स्क्राइब हा बँड २००५ साली उभा राहिला तो या खोल्यांच्या काळात. गायक विश्वेश कृष्णमूर्ती, गिटारवर अक्षय राजपुरोहित आणि प्रशांत शाह, बास गिटारवर श्रीनिवास सुंदरराजन, ड्रमवर वीरू कैथ. ही पाच नावे सलग वाचण्यासारखी आहेत. आडनावांतून उपखंडाचे चार-पाच प्रांत डोकावतात. अशा पाच जणांची सामाईक भाषा कोणती असेल? मुंबईत या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकच असते. ते म्हणजे हिंदी सिनेमा, आणि तोही चित्रपटगृहातला कमी, दूरचित्रवाणीवर पुन्हापुन्हा पाहून पाठ झालेला जास्त.

पहिला अल्बम ‘कन्फेक्ट’ २००८ चा. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला आयर्न मेडनने आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात मुंबईतून केली होती. शहराला आपण नकाशावर आल्यासारखे वाटत होते. पण मेडन हा वडीलधाऱ्यांचा बँड होता, दंतकथा होऊन आलेला. ‘कन्फेक्ट’ आजच्या मुलांचा होता. तालाचे हिशेब मध्येच मोडणारा, कोनाकोनांनी टोचणारा.

दोन वर्षांनी, २०१० मध्ये, ‘मार्क ऑफ तेजा’ आला, आणि या बँडला आपला स्वभाव सापडला.

हे नाव समजण्यासाठी १९९४ च्या नोव्हेंबरात जावे लागते. राजकुमार संतोषींचा ‘अंदाज अपना अपना’ तेव्हा प्रदर्शित झाला आणि तिकीटबारीवर पडला. त्यात परेश रावल यांची दुहेरी भूमिका होती. एक सज्जन लक्षाधीश आणि दुसरा त्याचा जुळा, तेजा नावाचा खलनायक. दोघांपैकी खरा तेजा कोण, हे शेवटी अंगावरच्या खुणेवर येऊन ठेपते, आणि त्या खुणेवरून उडालेला गोंधळ हिंदी विनोदातल्या सर्वाधिक उद्धृत प्रसंगांपैकी एक झाला. चित्रपट पडला, पण केबल वाहिन्यांनी त्याला दुसरा जन्म दिला. १९९१ नंतर घरोघरी पोहोचलेल्या केबलवर शाळकरी मुलांनी तो इतक्यांदा पाहिला की त्याचे संवाद एका पिढीची सांकेतिक भाषा झाली.

आता अल्बमचे नाव पुन्हा वाचावे. ‘मार्क ऑफ’ हे शब्द पाश्चात्त्य मेटलच्या थाटाचे आहेत. त्यांच्यापुढे एखाद्या श्वापदाचे किंवा सैतानाचे नाव यावे अशी अपेक्षा असते. स्क्राइबने तेथे तेजाला बसवले. त्यांच्या एका गाण्याचे नाव तर ‘आय लव्ह यू, पावभाजी’ असे आहे. गमतीची गोष्ट ही की वादनात थट्टा औषधालाही नाही. ते कडक, अचूक आणि घाम काढणारे आहे. हसू नावात आणि मंचावरच्या वागण्यात, तर गांभीर्य हातांत. अमेरिकी मेटलकोर आपल्या दुःखाबद्दल कमालीचा गंभीर असतो. मुंबईच्या मुलांनी त्याची सगळी यंत्रणा घेतली आणि रडगाणे तेवढे सोडून दिले.

उसना आवाज आपला कसा करावा, हा प्रश्न भारतीय रॉकला पहिल्यापासून छळत आला आहे. त्याचे नेहमीचे उत्तर म्हणजे सतार किंवा तबला जोडणे. मेटलमध्ये आणखी उत्तरे शोधली गेली. साहिल माखिजा यांनी २००० साली मुंबईत स्थापलेल्या डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ च्या ‘दशावतार’मध्ये पुराणांचा रस्ता धरला, त्यात विष्णूचा एकेक अवतार एकेका गाण्याला आला. दिल्लीचा ब्लडीवुड ढोल आणि हिंदी-पंजाबी शब्द घेऊन २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात पोहोचला. परदेशी श्रोत्याला हे दोन्ही रस्ते चटकन ‘भारतीय’ म्हणून ओळखता येतात. स्क्राइबचा रस्ता परदेशी कानाला जवळजवळ अदृश्य आहे. तेजा कोण हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तो फक्त एक चांगला मेटलकोर बँड वाटेल. नेमक्या याच कारणाने तिघांत तो सर्वांत स्थानिक ठरतो.

२०१४ हे वर्ष या कथेतले शिखर. मुंबईच्या तीन बँडांचे तीन अल्बम एकाच वर्षी आले. डेमॉनिक रिझरेक्शनचा ‘द डेमन किंग’, भयानक मौतचा ‘मॅन’ आणि स्क्राइबचा ‘हेल मोगॅम्बो’. भयानक मौत २००३ पासूनचा, आवाजाने अधिक काळाकभिन्न. नाव हिंदी भयपटाच्या भिंतीपत्रकासारखे आणि गाणी इंग्रजी. स्क्राइबने नाव पुन्हा सिनेमातूनच उचलले, पण या वेळी १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’तून. तेजा हा गोंधळलेला, हास्यास्पद खलनायक होता. अमरीश पुरींचा मोगॅम्बो गणवेशधारी सैन्याचा मालक आहे. त्याचे लोक त्याला सलामी देतात आणि त्याच्या हुकमावर उकळत्या आम्लात उडीही घेतात. विदूषकाकडून हुकूमशहाकडे झालेला हा प्रवास संगीतातही ऐकू येतो. ध्वनिमुद्रण अधिक भरीव आहे, रचना अधिक गडद आणि मोकळी जागा सोडणारी, आणि विनोदाला आता धार आली आहे. ‘कन्फेक्ट’मधली मुले येथे मोठी झाली आहेत. ज्यांना फक्त ‘पावभाजी’ हवी होती, त्यांना हा अल्बम कदाचित जड गेला असेल. तरी तिघांतला उत्तम हाच, असे म्हणायला हरकत नाही.

यात पैसा किती होता? पोटापाण्यापुरताही नाही. भारतात या संगीतावर घर चालत नाही, म्हणून बहुतेकांचा दुसरा उद्योग असतोच. सुंदरराजन चित्रपट करत होते. ‘द अनटायटल्ड कार्तिक कृष्णन प्रोजेक्ट’ हा त्यांचा अत्यल्प खर्चातला चित्रपट ‘मार्क ऑफ तेजा’च्याच वर्षीचा. माखिजा स्वयंपाकाचा कार्यक्रम करतात. बँड तुटतो तो बहुधा भांडणाने नव्हे, वेळापत्रकाने.

खोल्याही गेल्या. रॅझबेरी ऱ्हायनोसेरॉस मिटले. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातले ब्लू फ्रॉग २००७ मध्ये सुरू झाले आणि २०१६ मध्ये तेथून उठले. ऱ्हिदम हाउसही २०१६ मध्ये बंद झाले. आणि त्याच २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले. इंटरनेट आधी फुकट आणि मग जवळजवळ फुकट झाले.

मनमाडचा फलाट आठवायचा तो येथे. बदनापूरच्या एखाद्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला स्क्राइब सापडला असेल, तर तो बहुधा या सप्टेंबरनंतरच. तोवर ज्या खोल्यांसाठी ती गाणी रचली गेली होती, त्यांतल्या सर्वांत नावाजलेल्या बंद झाल्या होत्या. सर्वांत ताजा अल्बम दोन वर्षे जुना होता. मुंबईच्या मुलाला हा बँड म्हणजे शनिवारची संध्याकाळ, दुखावलेला खांदा आणि शेवटची लोकल. बदनापूरच्या मुलाला तो पहिल्या दिवसापासूनच इतिहास. त्याच्या हाती फक्त साधने आली: ध्वनिमुद्रणे, हलत्या हातांनी टिपलेल्या चित्रफिती, कधीतरी एखाद्या जुन्या कार्यक्रमाच्या पत्रकाचे छायाचित्र.

अडथळा केवळ अंतराचा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. या खोल्यांची भाषा इंग्रजी होती. गिटार, ॲम्प्लिफायर आणि सरावाच्या जागेचे भाडे परवडणारा वर्ग ठरावीक होता. मुंबई महाराष्ट्राची राजधानी, पण तिच्या या मंचावर मराठी जवळपास ऐकूच आली नाही. सिनेमाचा विनोद मात्र बदनापूरपर्यंत आधीच पोहोचलेला होता. त्या इंग्रजी आरोळ्यांतला एक शब्दही न कळणाऱ्या मुलाला तेजा कोण, हे मुंबईकराइतकेच नेमके कळते. स्क्राइबने थट्टेत उघडलेले हे दार त्यांच्या गाण्यांपेक्षा रुंद होते.

आणखी एक गोष्ट त्याच्या कानाला ओळखीची वाटू शकते. हार्डकोर आणि मेटलकोरमध्ये ‘गँग व्होकल्स’ नावाचा प्रकार असतो. गायक एकट्याने ओरडत असताना ठरावीक जागी बाकी सगळे एकदम तोच शब्द उचलून धरतात. पोवाड्यात हेच काम झीलकरी करतात. शाहीर श्वास घेतो, झीलकरी ‘जी जी’ची झील ओढतात आणि ऐकणारे नकळत त्यांच्यात सामील होतात. न्यूयॉर्कच्या तळघरांनी आणि मराठी शाहिरीने एकमेकांकडून काही घेतले असण्याचे कारण नाही. एकट्या माणसाचा श्वास पुरत नाही, एवढीच दोन्हीकडची अडचण.

ध्वनिमुद्रणात त्या झिलेच्या जागा स्पष्ट ऐकू येतात. गायक थांबतो, बँडमधले तीन-चार आवाज एकत्र येतात, आणि त्यांच्यामागे खोलीभर माणसांसाठी ठेवलेली जागा जाणवते. इअरफोनमध्ये ती रिकामी असते. बदनापूरच्या फलाटावर, संभाजीनगरच्या गाडीची वाट पाहत असलेला मुलगा तेथे ओठ हलवतो. शेजारी बसलेला माणूस त्याच्याकडे एकदा पाहतो आणि पुन्हा रुळांकडे वळतो.