थंड गाडी आणि घाईचं निदान

मागच्या डिसेंबरची गोष्ट. अब्बांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, सकाळी सात वाजता, वर्ध्याला. देवळीहून अंतर पंधरा-वीस किलोमीटर. फजरची नमाज झाली की मी बारा वर्षं जुनी डिझेल गाडी काढायचो. पारा १० अंशांच्या आसपास उतरला आणि एका सकाळी गाडीनं दगा दिला. सेल्फ मारला की इंजिन घरघर फिरायचं, मागून पांढरा धूर निघायचा, पण गाडी काही पकडायची नाही. शेवटी गल्लीतल्या पोरांनी धक्का मारला. चाळीस मिनिटं उशीर झाला. अब्बा मागच्या सीटवर शाल पांघरून गप्प बसले होते. ते गप्प बसणं मला जास्त लागलं.

दुपारी गॅरेजमध्ये नेली तर अर्ध्या सेल्फमध्ये सुरू! तिथं कुणीतरी म्हणालं, थंडीत बॅटरीच जाते. मी लगेच नवी बॅटरी टाकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. ते म्हणाले, "गाडी थंडी असतानीच पाहा लागते, भाऊ. रात्री उभी कर, सकाळी हात लावू नको. मी येतो." आणि खरंच उजाडायच्या आत मफलर बांधून दारात हजर.

आधी त्यांनी नुसतंच विचारलं. जुन्या बॅटरीवर सेल्फ जोरात फिरायचा का? हो. "मंग बदलली कायले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. धूर निघतो का? पांढरा, भरपूर. म्हणजे डिझेल पोहोचतंय, जळत नाहीये. धूरच नसता तर रात्रीतून लाइनमध्ये हवा शिरली का, फिल्टर चोंदला का, ते पाहिलं असतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनाचं तत्त्व आजही तेच आहे: हवा इतकी दाबायची की ती ५०० अंशांच्या वर तापते, मग फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. पण इंजिनाचं लोखंड गार असेल तर ते ही उष्णता शोषून घेतं. म्हणून सुरुवातीला ऊब द्यायला प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. इंजिन एकदा तापलं की त्याची गरज फारशी उरत नाही. दुपारी गाडी शहाण्यासारखी का वागायची, ते तेव्हा कळलं.

काकांनी चावी फिरवून प्लगच्या पट्टीवर मीटर लावला. करंट येत होता, म्हणजे फ्यूज आणि रिले ठीक. मग पट्टी काढून एकेक प्लग तपासला. चांगल्या प्लगचा रोध जेमतेम एक ओहमच्या आसपास. चारपैकी तीन प्लग मेलेले! डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा मात्र रोज इमानदारीनं लागून विझत होता.

मी विचारलं, स्प्रे मारून सुरू करू का? काका भडकले. हीटर चालू असताना ज्वालाग्राही स्प्रे मारला तर आत भडका होतो, इंजिन फुटू शकतं. प्लगही गार इंजिनातून जोर लावून काढायचे नाहीत, तुटून हेडमध्ये अडकतात. इंजिन कोमट करून, तेल सोडून, हलक्या हातानं काढायचे. चारही नवे बसवले. बॅटरीच्या निम्म्या पैशातही झालं नाही, इतकंच काम!

पुढच्या फेरीला मी चावी फिरवली, दिवा विझेपर्यंत थांबलो, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

मागून अब्बा म्हणाले, "डॉक्टरसुद्धा आधी विचारतात, मग सुई टोचतात."

जुनी बॅटरी अजून घरात आहे. लाइट गेली की तिच्यावर बल्ब लावतो. छान जळतो.